चौकातला फ्लेक्स

तुम्ही हसाल, पण आमच्या जळगावच्या बॅडमिंटन क्लबचे नियम मी लिहिलेत. संध्याकाळी तिथे मुलं शिकायला येतात, माझी मुलगीही. म्हणून सभासदांनी त्यांच्यासमोर शिव्या द्यायच्या नाहीत, त्यांच्यावर खेकसायचं नाही आणि मुलांचे फोटो, नावं कुठेही लावायची नाहीत. सभेत सगळ्यांनी हात वर केला. अध्यक्ष नानांनी तर दोन्ही.

तिसऱ्या दिवशी चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. 'बालसुरक्षेचा ऐतिहासिक निर्णय'. वर हात जोडलेले नाना आणि खाली क्लबातल्या मुलांचे फोटो, नाव आणि शाळेसकट.

मी तणतणत नानांच्या दुकानात गेलो. म्हटलं, "नाना, हेच होऊ नये म्हणून नियम केला ना आपण?"

नानांनी आधी चहा मागवला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुनी पोरना फोटो राही गया, त्याना राग शे ना? माले समजस, भाऊ."

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स बदलला. मधोमध माझी मुलगी, नानांपेक्षाही मोठी. बायकोने त्याच्यासमोर सेल्फी काढला, स्टेटसला ठेवला आणि मला म्हणाली, "बघा, तोंड उघडलं की कामं होतात."