डावी बाजू वर

— नाही, बसू नका, मोरियाबाई, उभ्याच राहा. हात जरा अंगापासून लांब. हाताला काम असल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि तुम्ही नागाओकाहून एवढ्या बर्फातनं आलायत ते माझ्याशी बोलायलाच ना? मग हा किमोनो अंगावर घ्या, उद्या गिऱ्हाइकाला द्यायचाय, लांबी तेवढी बघून होईल. तुम्ही माझ्या तात्सुयाच्या समुपदेशक — माहितेय हो, फोनवर सांगितलंत की. त्याला विचारूनच आलात, तेही सांगितलंत. त्याला फुमिनो म्हणायचं? तुम्ही म्हणा. फुमिनो माझ्या आईचं नाव. जगात नावं काय कमी होती, म्हणून वीस वर्षांच्या मुलानं माझ्या आईचंच उचलावं? तिनंच मला किमोनो नेसवायला शिकवलं. चाळीस वर्षं झाली, या गावातल्या नवऱ्या मुली माझ्याच हातून नेसून जातात. मान वर.

तुमच्यावर माझा राग नाही. आहे, थोडा आहे. कसंय, पंधराव्या वर्षी मी त्याला एका डॉक्टरकडे नेला होता — तेव्हाही असंच म्हणत होता, मी मुलगी आहे म्हणून — तर ते म्हणाले, वयाचं खूळ आहे, ज्युदोला घाला, जाईल. घातला ज्युदोला. खांदे तेवढे रुंद झाले, गेलं काहीच नाही. आणि आता तुम्ही म्हणता, दुरुस्त करण्यासारखं त्याच्यात काही नव्हतंच मुळात. मग दर गुरुवारी तासभर करता काय? ऐकता. फुमिनो म्हणून हाक मारता, काय वाटतं विचारता, आणि ऐकता. त्याचे पैसे घेता! हसू नका, पट्टा सरकतो. पण जेवायला लागलाय म्हणे पुन्हा. झोपही लागते म्हणे. ते तुमच्यामुळं असेल तर असेल, मी कुठं नाही म्हणते.

हे बघा, उजवी बाजू आधी अंगाला, मग डावी वरून. कायम डावी वर. उलटं नेसवतात ते फक्त मेलेल्या माणसाला, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं — पण हल्लीच्या पोरी! ऑगस्टच्या जत्रेत मी कोपऱ्यावर उभी राहून अडवते त्यांना. ओळख ना पाळख, मनगट धरायचं, आडोशाला न्यायचं, सोडायचं, नीट बसवायचं, जा म्हणायचं. अर्धं मिनिट लागतं. दर जत्रेत दहा-बारा तरी होतातच. यंदाही केल्या. अगदी त्याच संध्याकाळी केल्या, मोजून सात. आणि आठवी —

हलू नका.

सांगितलंच असणार त्यानं तुम्हाला. तुमच्यापाशी सगळं बोलतो, मला मात्र जत्रेहून घरी आले तेव्हा दारातच कळलं. दार उघडलं तर आत हा उभा. निळ्या फुलांची युकाता, उन्हाळ्यातला सुती किमोनो, बायकांचा. उंचीला पुरत नव्हता, घोटे उघडे. केस विंचरलेले. ओठांना काहीतरी लावलं होतं, अगदी थोडं. फोनवर बघून बघून नेसला होता, आरशात उजवं-डावं उलटं दिसतं, गोंधळला असणार, त्यात मला दाखवायची घाई — आणि उजवी बाजू वर. मी म्हटलं, 'मेलेल्याला नेसवतात तसं नेसलायस.' एवढंच. दुसरा शब्द नाही. आता सांगा, खोटं बोलले का मी? नेसवणाऱ्या बाईला चूक दिसली, तिनं सांगितली. तुमच्या अंगावर दिसली असती तर तुम्हालाही सांगितली असती.

तसं बघू नका माझ्याकडे.

तो त्याच रात्री गेला. सप्टेंबरात पोलिसांचा फोन — शिनानो नदीच्या पुलावर बसलेला सापडला, चार तास नुसता बसून होता. मग कुणीतरी तुमचा पत्ता दिला. बरं झालं दिला. तुम्ही काय म्हणालात त्या दिवशी फोनवर? की तो म्हणतो, त्या घरात मी त्या दिवशीच मेले. मी शेजारणीला सांगितलं, पोरगं फार मनाला लावून घेतं, उगाच शब्दाचा कीस काढतं. उगाच नाही, बाई. तो नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. मीच नेसवलं त्यांना, आणि हा बाजूला उभा होता, मीच त्याचा हात धरून ती उजवी बाजू वर घ्यायला लावली. म्हटलं, हे एकदाच असतं, पुन्हा माणूस उठत नाही. त्याला ठाऊक होतं. आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. बोलताना ठाऊक होतं. लागावं म्हणूनच बोलले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नव्हते.

शब्दाचंही राहू दे. रस्त्यावरच्या सात जणींना हात लावला मी. परक्या पोरी. आणि माझं पोर माझ्यासमोर उभं होतं, दोन पावलांवर, तर मी हात मागे बांधून उभी. अर्धं मिनिट लागलं असतं.

गुरुवारी या म्हणता, पण येऊन काय करू मी? माफी मागून त्याचं काय व्हायचंय? मागायची नाही? मग? विचारायचं? काय हवंय ते त्यालाच — बरं. आणि म्हणाला, काही नको, तर? तर बसायचं. बसवेल का मला, रिकाम्या हातानं?

सोडा, किमोनो मी काढते. एक सांगाल का — नको, मीच आणते. दोन टॉवेल आणते. खांदे रुंद आहेत ना, मग कमरेला आतून दोन टॉवेल गुंडाळावे लागतात, तेव्हा पट्टा नीट बसतो. फोनमधली बाई ते सांगत नाही. त्या बाईला काय माहीत तिची कंबर, ती बाई काय तिची आई आहे? नऊ वाजता ना? साडेआठला येते, बाहेर थांबेन. आत बोलवायचं की नाही ते तिला विचारा, नाही म्हणाली तर टॉवेल तुमच्यापाशी ठेवून जाईन.

निघा आता, बस चुकेल. आणि दार ओढून घ्या, बर्फ आत येतं.