मुकुंद मेस्त्रींची सहावी गिटार

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. लहानपणी जी सक्ती आपल्याला सोसवली नाही, रडून रडून उशी भिजवली — तीच सक्ती आपण आपल्या लेकरावर का करतो? विसरतो? की आठवतं म्हणूनच करतो?

नाही ना सांगता येत? म्हणून आज पुराणातलं आख्यान नाही. आज कुडाळच्या एका इलेक्ट्रिक गिटार बनवणाऱ्याचं आख्यान! हसा, हसा! "बुवा, कीर्तनात गिटार?" अहो, ही शेजारची पेटी काय वैकुंठातून आली? तीही बोटीत बसून साहेबाच्या देशातूनच आली!

तर मुकुंद मेस्त्री. वडील भिकाजी मेस्त्री पाळणे नि देव्हारे करायचे, हे गिटारी करू लागले. फणसाच्या लाकडाच्या! दर दसऱ्याला त्यांची नवी रेंज निघायची — नव्या घडणीच्या, नव्या रंगांच्या सहा गिटारी. त्या वर्षी एक आमसुली, एक काजूच्या बोंडासारखी पिवळी, एक शेवाळी... नुसत्या बघितल्या तरी जीव हरखावा! दसऱ्याला सभागृहात कोल्हापूरचे वादक त्या सहाही वाजवणार होते. गावभर फलक लागले होते.

रंगाला माणसं होती. तारांचं, आवाज पकडणाऱ्या तांब्याच्या वेटोळ्यांचं विजेचं काम मुलगी बघायची — शलाका, अठ्ठावीस वर्षांची. पण गिटारीची मान? वादकाचा हात जिच्यावरून फिरतो, ती मान मुकुंदराव स्वतः तासायचे. दुसऱ्या कुणी कानस लावायची नाही!

दसऱ्याला सहा दिवस. पाच गिटारी तयार. सहावीची मान बाकी. आणि मुकुंदराव जांभ्याच्या पायरीवरून घसरले! उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर!

शलाका म्हणाली, "बाबा, मान मी तासते."

"कुठल्या हातानं?"

असं का विचारलं? कारण मंडळी — शलाका डावखुरी! बारा वर्षांची असताना हौसेनं कानस उचलली होती. बापानं हिसकावून घेतली. "उजव्या हातानं धरायची असेल तर धर, नाहीतर कारखान्यात पाऊल टाकू नकोस!" वेटोळी गुंडाळायला कोण बघतंय कुठल्या हातानं, म्हणून तेवढं काम तिच्या वाट्याला आलं. लाकडाला तिनं सोळा वर्षं हात लावला नव्हता!

"फलक उतरवा," मुकुंदराव म्हणाले. "पाचच दाखवू."

"म्हणजे सहावी अर्धी राहिली तरी चालेल, पण माझा हात नको?" शलाका म्हणाली. ती उठून बाहेर गेली.

हे सगळं ऐकत होती इंदूआत्या. मुकुंदरावांची थोरली बहीण, हात मोडल्याचं कळलं म्हणून वेंगुर्ल्याहून आलेली. ऐंशीची बाई, पण कान कसे — तिखट! ती म्हणाली, "मुकुंदा, तुझो डावो हात बाबान धोतराच्या काठान खाटेक बांधून ठेवललो. विसारलंस काय रे?"

मुकुंदराव पांढरे पडले.

विसरले नव्हते हो! एक दिवस विसरले नव्हते! सहा वर्षांचं पोर, डाव्या हातानं जेवतं म्हणून महिनाभर बांधलेलं. मोकळ्या हातानं माशी हाकलायला गेलं, तर तीही चुकायची. पुढे उजव्या हातानं पटाशी धरली, नाव कमावलं, आणि पोटच्या पोरीलासुद्धा सांगितलं नाही की मी मुळात तुझ्यासारखाच! का? लाज! साधी लाज, मंडळी!

ते उठले. मागच्या पडवीत शलाका पाठ करून उभी होती.

"शलाका," ते म्हणाले, "मीही डावखुराच आहे गं."

तिनं वळून बघितलं. "काय?"

"बाबांनी धोतराच्या काठानं हात बांधला होता माझा. तुला ओरडलो ना, तेव्हा मला तोच काठ दिसत होता. वाटलं, तुझी सवय आत्ताच मोडली तर पुढे लोक नावं ठेवणार नाहीत. चुकलो मी."

शलाका रडली. चिडलीसुद्धा! "सोळा वर्षं, बाबा! सोळा वर्षं मी समजत होते, माझ्यातच काहीतरी वाईट आहे!"

बापानं तिची बोलणी खाली मान घालून ऐकली. मग आत गेले, कानस आणली आणि तिच्या डाव्या हातात दिली. दुसरी स्वतःच्या डाव्या हातात घेतली.

पहिले दोन दिवस नुसता भुसा! मुकुंदरावांचा हात अडखळायचा, शलाकाचा जोर जास्त पडायचा. "अगं हळू!" "तुम्हीच वाकडं काढताय!" बाप-लेक भांडतायत, आत्या चहा देतेय! पण तिसऱ्या दिवशी मुकुंदराव थांबले. बोटं उघडून मिटून बघत राहिले. म्हणाले, "खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय गं." सत्तरीला आलेला माणूस, आणि त्या दुपारी जेवताना त्यांनी घास उचलला — डाव्या हातानं! आत्यानं फक्त आणखी भात वाढला.

दसऱ्याला सहाही गिटारी मंचावर! वादकानं सहावी घेतली, मानेवरून हात फिरवला, विचारलं, "ही कुणी तासली हो? बाकीच्यांपेक्षा निराळी बसतेय हातात."

मुकुंदराव पहिल्या रांगेतून उभे राहिले. "माझ्या मुलीनं!" शलाकानं त्यांना कोपर मारलं. "आणि... मीही थोडी."

सुटला हो तो माणूस! सुटला! आणि मी सांगतोय म्हणून मी निर्दोष आहे असं नाही बरं! गेल्या महिन्यात माझ्या नातवानं डाव्या हातानं तीर्थ घेतलं, आणि मी सगळ्यांसमोर खेकसलो. हे ऐकल्यावर घरी जाऊन त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आजोबा, मला वाटलं देव रागावला." बघा! माझा राग मी देवाच्या नावावर खपवला होता!

आता तुम्ही सांगा. तुमच्या घरात कुणाचा हात बांधलाय? कुणाचं गाणं, कुणाचं शिक्षण, कुणाचं लग्न? आज घरी जाल, तेव्हा त्याच्यासमोर बसा आणि तुमचं जे बांधलं होतं ते आधी सांगा. जीभ अडेल. अडू दे. पण सांगा!

चला, उठा, टाळ घ्या. कुठल्या हातात कुठला, ते आज मी बघणार नाही!