मास्तरांचं नसलेलं भांडं

—नाही नाही, तोंडाकडून नाही बघायचं, उलटं करा! अहो करा, घाबरता काय, रिकामंच आहे ना? भांडं बुडाकडून बघायचं, वरून काय, सगळीच गोजिरवाणी. तो कपाटातला जग बघा – बुडाच्या वर बोटभर कोरं सोडलंय, झिलई तिथं येऊन थांबलीय. टेकडीवरच्या भट्टीवाल्या बाई सही करत नाहीत, ती कोरी पट्टी हीच त्यांची सही. शेजारच्या बरणीवरचे ओरखडे उलटे फिरलेत – करणारा डावखुरा. चाळीस वर्षं हेच करतोय मी. भांडं कुणाचं हे लिहिलेला माझा कागद सोबत असला की दुकानदार पुढं चकार शब्द काढत नाही.

तर तुमचा वाडगा. द्या इकडे – हं.

चष्मा राहू दे, हाताला कळलं. बसा ना, उभ्या का? वाकडा आहे, हो, दिसतंय मला – एका अंगाला कललाय, बूड जाड. कुणाचा म्हणून विचारताय? मास्तरांचा. हो, तेच, ज्यांची भांडी काचेआड ठेवतात लोक, ते मास्तर. पटत नाही ना? तुमची चूक नाही. मीच एकदा चाळीस माणसांसमोर सांगितलं होतं की हा त्यांचा नाही म्हणून.

मी त्यांचाच शिष्य. सहा वर्षं त्यांच्याकडे माती तुडवली. ते कधी रागावले नाहीत, पण कधी ‘छान’ही म्हणाले नाहीत – माझं भांडं बघायचे, परत मातीत टाकायचे. शेवटी मी चाक सोडलं आणि दुसऱ्यांची भांडी ओळखायला लागलो. पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावा हात गेला. तीन वर्षांनी त्यांच्या मुलीनं प्रदर्शन भरवलं आणि मला बोलावलं – ‘दादा, मास्तरांचं भांडं कसं ओळखायचं ते तुम्ही सांगा’. मी ऐटीत सांगत होतो. तेवढ्यात कुणीतरी कोपऱ्यातले पाच वाडगे दाखवले, हेही त्यांचेच का? मी एक उचलला आणि म्हणालो, छे! मास्तरांचं बूड कसं रेखीव. हे म्हणजे बसलेली म्हैस. कुणा शिकाऊ माणसाचं काम. काय हसले लोक!

मास्तर मागंच खुर्चीत बसले होते. मला काय माहीत? म्हणाले, ‘बरोबर ओळखलंस. माझं नाही ते.’ आणि मुलीला म्हणाले, ‘काढ गं ते पाचही.’

ती मला जिन्यात गाठून म्हणाली, ‘दादा, तीन आठवडे लागले त्यांना. एका हातानं.’ त्या दिवसानंतर ते चाकावर बसले नाहीत. पुढं दीड वर्ष जगले. मी गेलो नाही भेटायला – जायचं म्हणून दोनदा कपडे केले, पण नाही गेलो.

चूक कुणाचीही होते, बाई. असं मी सगळ्यांना सांगतो, बायकोलासुद्धा तसंच सांगितलंय. पण जरा आत बोट फिरवा – हळू – दोन रेघा लागल्या ना, जोडीनं? मास्तरांच्या उजव्या हाताचं मधलं बोट भट्टीच्या दारात चेंगरलं होतं, तेव्हापासून नख दुभंगलेलं. त्यांच्या प्रत्येक भांड्यात आतून त्या दोन रेघा असतात. मी कुणाला सांगितलं नाही कधी, माझ्या धंद्याचं ते गुपित. त्या दिवशी वाडगा उचलला तेव्हा माझं बोट आतच होतं. म्हशीचं बोलायच्या आधी. कळलं होतं मला! गप्प बसता आलं असतं. पण लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि – काय सांगू – एकदा तरी मी त्यांचं भांडं परत मातीत टाकावं असं वाटलं. आणि ते काय म्हणाले? बरोबर ओळखलंस. सहा वर्षांत नाही मिळाली ती शाबासकी तेव्हा मिळाली बघा.

असो. कागद हवाय ना, लिहितो. ‘हा वाडगा मास्तरांनी स्वतः, एका हातानं घडवला. मी खोटं बोललो होतो.’ सही. तारीख. नाही, फी राहू द्या. विकताय कुणाला? – विकायचा नाही? मग कागद कशाला? – कुणी मागितला?

ती? मास्तरांची मुलगी? खाली उभी आहे? आत्ता? मग आधी सांगायचं नाही का हो... नको, वर नका बोलावू. सांगा, घरी नव्हते म्हणून. काय? कागदावर तारीख आजची आहे? हो, आहे आजची, कळेल तिला – असू द्या! वाडगा घ्या, दोन्ही हातांनी धरा, आणि जा. जा म्हटलं ना!