आडु म्हणजे शेळी

(बीदर, १९७९. शिक्षकांना शालेय मानसशास्त्र शिकवणारं एक केंद्र. श्रीनिवासराव शिकवतात, वृंदा शिकते.)

श्रीनिवासराव : म्हणजे तुम्ही मधेच मराठीत विचारलंत.

वृंदा : विचारलं, सर.

श्रीनिवासराव : मग चाचणी बाद झाली की हो. कानडी शाळेतलं लेकरू, कानडीतच विचारायचं. वर्षभर दुसरं काय शिकवायलोय मी? बरं, त्या पोरीनं, सोजरानं काय दिवे लावले?

वृंदा : चित्रात शेळी होती, आड होता. मी विचारलं, 'आडु यल्लि?' तिनं आडावर बोट ठेवलं.

श्रीनिवासराव : कानडीत आडु म्हणजे शेळी. उत्तर चूक.

वृंदा : संतपूरची, मराठी घरातली पोर हाय ती. तिचा आड पाणी शेंदायचा. आड कुठंय म्हणल्यावर दाखवला बिचारीनं.

श्रीनिवासराव : हं.

वृंदा : मग म्हणलं, 'शेळी कुठंय गं?' तर शेळी दाखवून वर म्हणती, गाभण हाय.

श्रीनिवासराव : आहे?

वृंदा : पोट बघा की चित्रातलं.

श्रीनिवासराव : ...इतकी वर्षं हे चित्र वाटायलोय, माझ्या नाही ध्यानात आलं. पण वृंदाबाई, हेडमास्तर वीरण्णा टपून बसलेत. पोरगी शाळा लागल्यापासून वर्गात अक्षर बोलली नाही म्हणतात. 'मंद' लिहून दिलं की नाव काढायला मोकळे. तुम्ही 'चाचणी बाद' लिहिलंत, तर नाव राहील तिचं. पण प्रात्यक्षिकात नापास तुम्ही. पुन्हा वर्ष.

वृंदा : बाद लिहिते.

श्रीनिवासराव : एका शेळीपायी?

वृंदा : आई न्हाई तिला. बाप ट्रकवर, आठ-आठ दिवस येत न्हाई. हितं मैलुरात वळखीच्या चंद्रम्माकडं ठेवलीय. त्या घरात तेलुगू, गल्लीत उर्दू, शाळेत कानडी. बोलावं कुणाशी तिनं?

श्रीनिवासराव : आमच्या वेळी शाळेत उर्दू होती. तिसरीपर्यंत मी मुका होतो, मास्तरांच्या लेखी. घरी आई म्हणायची, जरा गप बस रे.

वृंदा : तिला तेवढं म्हणणारं बी कुणी न्हाई, सर.

श्रीनिवासराव : आणा तो कागद. बाद लिहा, सही मी करतो. परत चाचणी कधी?

वृंदा : नियमानं सहा महिन्यांनी.

श्रीनिवासराव : तसं सांगितलंत ना तिला?

वृंदा : न्हाई सांगवलं. जाताना दारात थांबली, म्हणाली, 'अक्का, उद्या बी परीक्षा हाय का?'