सरदारजीच्या ट्रकातले पेढे

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, रस्त्यावर जमलेल्या माणसांपुढं मी पेढ्यांचा पुडा उघडला अन् म्हणालो, घ्या, तोंड गोड करा. अन् हे मी एका सरदारजीच्या ट्रकात बसून केलं. बाई म्हंजे आपल्या पंतप्रधान. दिल्लीत त्यांच्याच पहाऱ्यावरच्या दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या, अन् ते दोघं शीख होते, हे मला तोवर कळलेलं होतं. कळूनसुद्धा केलं. तुम्ही लिहून घ्यायलाच बसलात तर हे आधी लिहा, म्हंजे पुढं मी कुठं शहाणपणा सांगायला लागलो तर वाचणाऱ्याला ठाऊक असावं, हा माणूस कोण आहे.

तसा मी औरंगाबादचाच, आता संभाजीनगर म्हणतात, छावणीच्या मागच्या गल्लीत जन्मलो, पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली. वडील निजामाच्या अमलात घोड्यांना नाल ठोकायचे, टांगे होते, जहागीरदारांची घोडी होती, कामाला तोटा नव्हता. ॲक्शन झालं, जहागिऱ्या गेल्या, घोडी गेली, अन् वडील म्हणायचे, किसन, मुलूख आझाद झाला अन् आपण रिकामे झालो. मग ते बैलांकडं वळले. घोड्याला नाल तशी बैलाला पत्री. बैल दोरानं पाडायचा, चारी पाय आवळायचे, खूर तासायचा अन् खिळा असा तिरपा काढायचा की आतल्या जिवाला लागता कामा नये, लागला की बैल लंगडला. वडिलांनी मला हे सगळं शिकवलं, मी सगळं शिकलो असं काय म्हणता येणार नाय.

तर त्या साली दिवाळी होऊन आठवडा झालेला, कारखान्याचा हंगाम तोंडावर, अन् उसाच्या गाड्या डांबरी रस्त्यानं ओढायच्या म्हंजे बैलांना पत्री पाहिजेच. पैठणच्या अलीकडं एका वस्तीवर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या, मी तिथंच मुक्कामाला. घरी बायको, सुमन, पहिलटकरीण, दिवस भरलेले. एका सकाळी बाजारातून आलेल्या माणसानं निरोप दिला, किसन, तुझी बायको बाळंत झाली, दोघं खुशाल आहेत. काय सांगू तुम्हाला, मी पुढं काही विचारलंच नाय. मनानंच ठरवलं, मुलगा. तसाच पैठणला गेलो, किलोभर पेढे बांधून घेतले अन् परत वस्तीवर आलो, कारण चार जोड्या राहिल्या होत्या अन् टोळीवाले सोडीनात. त्यातच दिवस गेला. वस्तीवर रेडिओ नाय, पेपर नाय. तिकडं अख्खा देश रडत होता अन् मी इकडं बैलाच्या पोटावर गुडघा देऊन गाणं म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रस्त्याला आलो. एक तास झाला, दोन झाले, एसटी नाय. तेवढ्यात एक रिकामा ट्रक आला, हळू झाला. आत निळ्या पगडीचा सरदारजी, दाढी पिकत आलेली. त्यानं मला खालीवर बघितलं, किधर म्हणाला, मी औरंगाबाद म्हणालो, तो म्हणाला बैठ. मला वाटलं, काय देवमाणूस आहे.

कॅबिनमध्ये त्यानं मला सगळं सांगितलं. त्याचं नाव करतारसिंग, घर शहरातच, घरी बायको अन् दोन लहान पोरी, दुसरं कुणी नाय. रात्री पैठणला सिमेंट उतरवताना रेडिओवर ऐकलं अन् तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, पोरींपाशी पोचायचं. मग म्हणाला, तू इथला आहेस, तुझी बोली इथली आहे, रस्त्यात कुणी अडवलं तर मी गप्प बसतो, तू बोल. त्यासाठीच त्यानं मला घेतलं होतं. पण मला जन्मात कुणी बोल असं म्हणालं नव्हतं, घरातदारात सगळे गप बसच म्हणायचे, तर माझी छाती जरा फुगलीच. बाईंसाठी रडलोही मी, खोटं नाय सांगत, चांगला मैलभर रडलो. रडताना पुडा मांडीवरच होता.

बिडकीनच्या अलीकडच्या फाट्यावर बाभळीचं खोड आडवं टाकलेलं होतं. पंचवीस-तीस माणसं. लिंबाच्या झाडाला बाईंचा फोटो, त्याला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. कुणाचे रडून डोळे सुजलेले, कुणाच्या हातात काठी, एकाच्या हातात डबा, त्यात काय होतं ते वासावरून कळत होतं. करतारसिंगनं ट्रक थांबवला, इंजिन बंद केलं नाय. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हंजे आता माझी पाळी.

एकानं विचारलं, कुठून आला? मी म्हणालो, राम राम पाव्हणं, पैठणकडून आलो, घरी चाललो. दुसरा म्हणाला, अन् हा कोण? तर बघा, इथं सांगायचं होतं की आमच्या शहरातला माणूस आहे, घरी पोरी आहेत, एवढंच. पण माझी जीभ घाबरली की लांब होते. मी म्हणालो, घरी पाळणा हलला हो आमच्या, अन् सुतळी तोडून पुडा उघडून खिडकीतून पुढं धरला. तोंड गोड करा.

पेढ्याला कुणी हात लावला नाय. मला वाटलं, लाजतेत. मग मी करतारसिंगकडं बघितलं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्यानं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले, जसा काही आता त्या हातांचा उपयोगच संपला.

सरदाराच्या गाडीत पेढे, असं कुणीतरी अगदी हळू म्हणालं. पुडा उडाला. दार उघडलं, त्याला खाली ओढलं, एकानं पगडीला हात घातला, मलाही कुणीतरी मानगूट धरून उतरवलं. मी ओरडतोय, पेढे माझे हो, मुलाची आन घेऊन सांगतो, मला मुलगा झालाय. एकजण म्हणाला, हे म्हणायला किती दिले त्यानं? मी म्हणालो, मी पत्रीवाला हाये, बघा, माझी हत्यारं बघा, अन् स्वतःच पिशवी पालथी केली. त्यातून काय पडलं? हातोडा, खूर तासायची सुरी, मूठभर खिळे अन् वीस हात दोर. डबेवाला म्हणाला, बघा, तयारीनं निघाले होते. करतारसिंग एक शब्द बोलला नाय. मी बोलणार असं ठरलं होतं ना आमचं.

डब्याचं झाकण निघालं अन् मागून कुणीतरी माणसं बाजूला सारत आलं. साठीचा गडी, खांद्यावर टॉवेल, डोळे लाल. भानुदास त्याचं नाव, हे मला नंतर आठवलं. त्यानं माझी हनुवटी वर केली, तोंड नीट बघितलं अन् अशी एक ठेवून दिली की माझ्या कानात अजून कधीकधी वाजतं. म्हणाला, हाच तो. गर्दी म्हणाली, कोण? तो म्हणाला, हा किसन पत्रीवाला, यानंच आखाडात माझ्या बैलाच्या जिवात खिळा घातला, बैल दोन महिने पाय टेकवत नव्हता, अन् मी याला चार बाजार हुडकतोय.

डबेवाला म्हणाला, दादा, हे त्यातले हायेत, पेढे वाटत निघालेत. भानुदासनं खाली सांडलेल्या पेढ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, अरे, कट करायला डोकं लागतं. याला बैलाचा खूर अन् बैलाचा जीव यातलं अंतर कळत नाय, याला घेऊन कोण कट करील?

हसलं कुणीच नाय. पण ज्यानं पगडी धरली होती त्याचा हात खाली आला. भानुदास म्हणाला, बाईंसाठी रडायचं तर रडा, असल्या येड्यापायी हात घाण करू नका. करतारसिंगनं पगडी सरळ केली, चपला काढल्या, फोटोपुढं जाऊन उभा राहिला. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. कुणी त्याला जा म्हणालं नाय, थांब म्हणालं नाय. मग दोघांनी खोड ओढलं.

भानुदास आमच्यासंगं कॅबिनमध्ये चढला. म्हणाला, पुढं अजून लोक असतील, अन् हा परत तोंड उघडील. मी मधी बसलो. बिडकीनला गर्दी होती, पुढं अजून दोन ठिकाणी, दर वेळेला तो खिडकीतून डोकं काढायचा, माझी गाडी हाये म्हणायचा, अन् डोकं आत घेतलं की मला बैलाबद्दल शिव्या सुरू. ट्रक मात्र नुसता किंचाळत होता. करतारसिंगनं फाट्यावर जो पहिला गिअर टाकला तो कित्येक मैल बदललाच नाय, त्याच्या ध्यानातच आलं नाय. मला कळत होतं. पण बोलायची माझी छाती होईना.

करतारसिंगच्या गल्लीत पोचलो तर ओट्यावर शेजारची चार माणसं रात्रीपासून दाराला पाठ लावून बसलेली, दोघं मराठे, एक मास्तर, एक बाजूचा शेखभाई. दार उघडलं, दोन पोरी बाहेर आल्या. तो त्यांना उचलेना, खाली बसला अन् त्यांच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिला.

मी घरी गेलो. सुमन म्हणाली, आलात का, बघा लेक. मुलगी. मी ज्या मुलाची आन घेऊन आलो होतो तो मुलगा कधी झालाच नाय, एवढी एकच लेक, अन् तिनं आम्हाला काही कमी पडू दिलं नाय. पुढच्या आठवड्यात भानुदासकडं जाऊन त्याच्या बैलांना पत्री ठोकून दिल्या. तो पूर्ण वेळ बॅटरी धरून बाजूला बसला होता, भर दुपारी.

आता ट्रॅक्टर आले, पत्री कुणाला पाहिजे. माझे गुडघे गेले. करतारसिंगही थकला, त्याचा जावई स्पेअर पार्टचं दुकान बघतो, तिथं मी अधूनमधून जाऊन बसतो, चहा होतो, ईश्वरानं सगळ्यांना पोरीबाळींत ठेवलंय, आणिक काय पाहिजे. त्या दिवसाचं तो कधी काढत नाय, मीच काढतो. परवा निघताना मी विचारलं, भाई, खरं सांग, मला माफ केलंस का? तो म्हणाला, कब का कर दिया. मग मी म्हणालो, गुडघे दुखतात, तुझ्या जावयाची गाडी उभीच हाये, मला छावणीपर्यंत सोड की.

तो म्हणाला, माफी अलग है, किसन. तू रिक्षा कर ले.