कार्डामागचे चार आकडे

नाव : भिंगवाले (बाजारात याच नावाने ओळख, पावतीपुस्तकावरही हेच). वय : ५३ वर्षे. धंदा : संग्रहाच्या जुन्या कार्डांची (मुलांच्या खेळातली चित्रांची कार्डे) पारख करणे, दर्जा व किंमत ठरवणे. राहणार : घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर, दुसरा मजला, मागचा जिना. घर व दुकान एकच.

मी आज सात तारखेला सकाळी पावणेदहा वाजता आपण होऊन ठाण्यात आलो. मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष सांगतो ते असे की,

वरील जागी मी एकवीस वर्षे हा धंदा करतो. लोक कार्ड आणतात. ते खरे की नकली, कितव्या छपाईचे, कोणत्या अवस्थेत, हे पाहून मी दहापैकी आकडा देतो. विकायचे असल्यास पुढच्या बाजूचा फोटो काढून इंटरनेटवरील माझ्या विक्रीच्या पानावर टाकतो. कार्डावरचे काही पुसणे, चिकटवणे, कडा कापणे आमच्यात चालत नाही. तशा कार्डाला दर्जा देत नाहीत. हा नियम मी स्वतः लिहून भिंतीवर लावलेला आहे.

मागील महिन्याच्या बारा तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास एक इसम आला. वय अंदाजे पंचवीस, अंगाने बारीक, दाढी, पाठीला पिशवी. त्याने वहीच्या दोन पानांत ठेवलेले एक जपानी कार्ड काढले. पंख पसरलेल्या ड्रॅगनचे. या कार्डाच्या पहिल्या छपाईत खालच्या कोपऱ्यातली छोटी चांदणी छापायची राहून गेली होती. नंतरच्या छपायांत ती आहे. म्हणून कोपरा रिकामा असलेले कार्ड मोलाचे. मी भिंगातून पाहिले. कोपरा रिकामा होता, खरवडलेला नव्हता. जाडी मोजली, मागून दिवा धरला. कार्ड खरे होते. कडा स्वच्छ, चौकट किंचित डावीकडे, डाव्या पंखाखाली शाईचा एक ठिपका. मागे पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे.

पद्धतीप्रमाणे सर्व दोष मी वहीत उतरवले. आकडेही जसेच्या तसे उतरवले. मग म्हणालो, "याच्यामुळे चारच्या वर जात नाही हे. नाहीतर आठ सहज होतं. कसले आकडे आहेत?"

"घरच्या फोनचे शेवटचे. हरवलं तर कोणी आणून देईल, म्हणून लहानपणी लिहिले होते."

"लागतो का अजून?"

"माहीत नाही."

"पुसू का?" असे मी विचारले. त्याने तसे सुचवले नव्हते. त्याने कार्ड एकदा उलटून पाहिले. मग म्हणाला, "पुसा. हळू पुसा."

मी मऊ खोडरबराने पुसले. सहा-सात मिनिटे लागली. तेवढा वेळ तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी आठचा दर्जा दिला. त्याने कार्ड विक्रीसाठी माझ्याकडे ठेवले व मोबाईल नंबर दिला. पत्ता दिला नाही.

चालू महिन्याच्या चार तारखेला सकाळी अकरा वाजता एक बाई आल्या. वय साठीपुढे, कचेरीत टायपिस्ट होत्या असे त्यांनी सांगितले. खालचे घड्याळवाले त्यांना धरून वर घेऊन आले. ते मला म्हणाले, "भिंगवाले, एकतर लिफ्ट बसवा, नाहीतर तुम्ही खाली या. ताई चार वेळा बसल्या जिन्यात."

"तीन वेळा," बाई म्हणाल्या.

घड्याळवाले गेल्यावर त्यांनी एक फोटो टेबलावर ठेवला. दहाएक वर्षांचा मुलगा, हातात ते कार्ड. तो त्यांचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना तो घरातून निघून गेला. त्याची नोंद याच ठाण्यात आहे. जाताना त्याने एवढे एकच कार्ड नेले. तो का गेला हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

"मला कार्ड नकोय," त्या म्हणाल्या. "कोणी आणलं तेवढं सांगा. तो आहे की नाही, एवढं कळलं तरी पुरे."

मी म्हणालो, पंखाखालचा ठिपका हा छपाईचा दोष आहे, अशी शेकडो कार्डे निघतात.

"मला सांगताय? सहा वर्षं रोज बघतेय, कुठं कुठं हे कार्ड विकायला निघतं ते. एकसष्ट बघितली. ठिपका पाचांवर होता. म्हणून तर मागची बाजू बघायला आले. मागं आमच्या फोनचे आकडे आहेत."

त्यांनी आकडे सांगितले. माझ्या वहीत तेच होते. त्या म्हणाल्या, "फोन अजून ठेवलाय आम्ही. कोणी करत नाही त्याच्यावर, तरी ठेवलाय."

पेन्सिल पुसली तरी तिचा दाब कागदात राहतो. तिरप्या उजेडात तो दिसतो. मी कार्ड दिव्याच्या सरळ खाली धरले. बाईंनी चष्मा काढून पाहिले, लावून पाहिले. मी म्हणालो, "ताई, यावर कोणी कधी काही लिहिलेलंच नाही."

हे खोटे होते. खरे बोललो असतो तर मी आजवर दिलेल्या प्रत्येक आकड्यावर बाजाराने बोट ठेवले असते. त्या वेळी माझ्या मनात एवढेच आले.

"बरं. तुमचा वेळ घेतला," असे म्हणून त्या गेल्या. मी खाली सोडायला गेलो नाही. जिन्यातला आवाज अकरा मिनिटे ऐकू येत होता.

त्या दिवशी पुढे काम झाले नाही. तेच कार्ड मी काढून तीनदा मोजले. पाच तारखेला एका गिऱ्हाइकाला नऊ लिहून दिले, त्याला जिन्यातून परत बोलावून सात केले, परत नऊ केले. तो म्हणाला, "काका, एकदा ठरवा काय ते, माझी बस चाललीय." कार्ड आणणाऱ्या इसमाचा नंबर मी दोन दिवसांत चार वेळा फिरवला व रिंग जाण्याआधी ठेवला.

सहा तारखेला दुपारी चार वाजता मी फोन लागू दिला. मी एवढेच म्हणालो की, एक बाई कार्डाची चौकशी करून गेल्या. वय, रूप काही सांगितले नाही.

तो म्हणाला, "तुमच्याकडं वर आली? ते गुडघे घेऊन?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

जे सांगितले ते मी सांगितले. पलीकडे कुठले तरी यंत्र चालू होते, ते थांबल्याचे ऐकू आले. मग म्हणाला, "कार्ड विकू नका," आणि फोन बंद झाला. तेव्हापासून तो नंबर लागत नाही. माझ्या फोनमुळे तो या शहरातून निघून गेला असल्यास ती जबाबदारी माझी.

बाईंनी नंबर ठेवलेला नाही. मीही मागितला नाही. माझ्याजवळ शेवटचे चार आकडे आहेत, पूर्ण नंबर ठाण्याच्या नोंदीत असणार, म्हणून मी इथे आलो. सोबत वही व कार्ड आणले आहे. हवालदारांनी फाईल काढली. आकडे जुळले. त्यांच्या सांगण्यावरून मी कार्ड खिडकीपाशी आडवे धरून दाखवले. दाब दिसतो. दिलेला आठचा दर्जा मी रद्द केला आहे. या कार्डाची किंमत विचारली असता मला सांगता येत नाही.

सव्वादहा वाजता हवालदारांनी माझ्यासमोर बाईंच्या घरी फोन लावला. एंगेज लागला. पाच मिनिटांनी लावला, एंगेज. ते म्हणाले, "रिसीव्हर तिरका राहिला असेल." मी म्हणालो, त्या बाई रिसीव्हर तिरका ठेवणार नाहीत. अकरा वाजेपर्यंत सहा वेळा लावला. सहाही वेळा एंगेज. मी आणखी एकदा लावायला सांगितले. हवालदारांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "बोलू दे त्यांना."

हा जबाब मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, त्यात मला काही पुसायचे नाही. खाली माझी सही.