‘मिंगिंग’ म्हणायचं नाही

ईना : शनिवारपर्यंत. एकदा जरी ‘मिंगिंग’ म्हणालास, तर अख्खा जिना तू धुवायचास. सगळ्यांसमोर, तुझ्या बायकोचा फुलाफुलांचा एप्रन बांधून.

डगी : आणि नाही म्हणालो तर?

ईना : मी धुवेन, मिशा लावून. शेजारीण म्हणून मोरॅग साक्षीला.

मोरॅग : याला नाही जमायचं. काल पाऊस मिंगिंग, माझे नवे पडदे मिंगिंग, पबमधून तर्र होऊन आलेला माझा भाऊ, तोही मिंगिंग.

डगी : तो होताच. नासलेलं दूध, ओले मोजे नि तुझा भाऊ, एकाच शब्दात भागतं. ग्लासगोत दुसरा लागतो कशाला?

ईना : आता लागेल. किळस आली की नवा शोधायचा.

डगी : लागली पैज.

*

ईना : दार उघड, डगी. गुरुवार आला तरी तोंडातून तो शब्द नाही तुझ्या. घे, मसुराचं सूप.

डगी : काल केकमध्ये मोहरी घातली होतीस.

ईना : आणि तू ‘वेगळी चव आहे’ म्हणत सगळा संपवलास, मेल्या. आज खरंच नीट केलंय. हॅमचं हाड घालून. चाख.

डगी : मिंगिंग.

ईना : काय म्हणालास?

डगी : मिंगिंग. मोरॅगला बोलाव, तिच्यापुढं परत म्हणतो.

ईना : खोटारड्या, दुसरा चमचा घेतोयस की.

डगी : हरलो म्हटलं ना. बादली दे.

ईना : मुद्दाम हरलास. का रे?

डगी : माझी नेटा गेल्यापासून जिना धुवायच्या पाळीची ‘आज जिना तुमचा’ ती पाटी माझ्या दाराला कुणी अडकवलीच नाही. तुझ्या दारावरून थेट वरच्या मजल्यावर जाते.

ईना : आम्हाला वाटलं, एवढ्या दुःखात तुला कशाला त्रास. तुझा वार मीच उरकते.

डगी : माहीत आहे. तुझा ब्रश ऐकत बसतो आत. पूर्वी पाटी अडकवताना दार तरी वाजवायचं कुणीतरी.

ईना : ...बादली माझ्या दारामागं आहे.

(शनिवार सकाळ. डगी जिन्यावर गुडघे टेकून. अंगात एप्रन.)

मोरॅग : शोभतोय हो. पण तो कोपरा अजून मिंगिंग आहे.

डगी : बघतो. तू भिंतीकडेनं जा, ओलं आहे.

मोरॅग : वरच्यांना सांगू का, वाळेपर्यंत थांबा म्हणून?

डगी : नको. येऊ देत.